नफ्याचा हेतू

रविवारी दुपारी एमिल हावरान बर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पाटी रोवायचा. ती दिसली की समोरच्या खिडकीतली टेक्ला ओंद्रेको अंगावर कोट चढवायची. पाटीवर एक बाण होता आणि ‘घर बघायला या’ एवढंच लिहिलेलं होतं. त्या बाणाची गरज गल्लीत कुणालाही नव्हती. बाण ज्या घराकडे वळायचा ते व्हर्ना कोलेसारचं घर सगळ्यांनी आतून-बाहेरून पाहिलेलं होतं. टेक्लाने तर त्या घराचे पडदे शिवले होते.

तरी सगळे यायचे. टेक्ला अक्रोडाचा रोल घेऊन यायची. बझ मॅलॉय, जो पूर्वी पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा, तो मोकळ्या हातांनी यायचा आणि दारातच मोठ्याने विचारायचा, "काय हो एजंटसाहेब, छत गळतं का?"

"गेल्या रविवारपासून नाही," एमिल म्हणायचा.

तो नियमच होता. आधी वहीत नाव लिहायचं, मग गिऱ्हाईक विचारेल असा एक प्रश्न विचारायचा, आणि मगच कॉफी मिळायची. एमिल त्याबाबतीत कडक होता. "मी इथे धर्मशाळा उघडलेली नाही," तो म्हणायचा. "घर दाखवायला बसलोय. घर बघा, आवडलं नाही तर नाक मुरडा, मग खा काय खायचं ते." टेक्ला दर वेळी तोच प्रश्न विचारायची, तळघरात ऊन येतं का. तळघरात कसलं ऊन! पण एमिल तिला जिन्यापर्यंत घेऊन जायचा, दिवा लावायचा आणि गंभीरपणे सांगायचा की सकाळी थोडं येतं.

मी त्याच गल्लीत, व्हर्नाच्या घराच्या अगदी समोर राहतो. मार्लो फेरी या गावात आलो तेव्हा बर्च स्ट्रीटवर एका माणसाशीही ओळख नव्हती. पहिल्या रविवारी बाण बघून मी खरंच घर विकत घ्यायचं असेल तर किती पडेल म्हणून आत गेलो. किंमत ऐकून चाट पडलो. या गावात तेवढ्या पैशात दोन घरं आली असती. बझने माझ्या हातात कप दिला आणि म्हणाला, "घाबरू नकोस, आमच्यापैकी कुणालाच परवडत नाही. म्हणून तर येतो."

गावात दुसरीकडे बसायला जागा उरली नव्हती. चर्च शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये विलीन झालं होतं. कामगारांच्या क्लबला कुलूप होतं. बँकेच्या इमारतीत वांडा सोबेक कर भरून देण्याचं काम करायची, तेवढ्या एका खोलीत दिवा असायचा. थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्यांनी जावं तरी कुठे? व्हर्नाच्या स्वयंपाकघरात हीटर चालू असायचा, कारण घर दाखवायचं तर ते ऊबदार हवं, असं एमिलचं मत होतं.

एमिल स्वतः कारखान्यातलाच. भट्टी बंद पडली तेव्हा इतरांनी ट्रक चालवले, कुणी मुलांकडे दक्षिणेत गेलं. एमिलने रात्रीच्या वर्गाला जाऊन घरं विकायचा परवाना काढला. आयुष्यात पहिलं घर त्याने विकलं ते हेच. स्टॅनली कोलेसार आणि त्याची बायको व्हर्ना यांना. त्या दिवशी किल्ली आपण स्वतः स्टॅनलीच्या हातात ठेवली, असं तो सांगायचा. तेव्हापासून दर डिसेंबरात त्याची कॅलेंडरं घरोघर पोचायची. फ्रिजवर चिकटवायची, वर मिशावाला एमिल आणि खाली ‘एमिल हावरान, घर म्हणजे विश्वास’. मिशा पांढऱ्या झाल्या तरी फोटो तोच होता. लग्न त्याने केलं नाही. बझ म्हणायचा, "याला मुलगी द्यायला कुणाची छाती होईल? तो तिलाही आधी तळघर दाखवेल."

एमिल कुणाचा नोकर नव्हता. परवान्यावर एका कंपनीचं नाव असलं तरी पगार कुणी देत नव्हतं. परवान्याची फी त्याची, एजंटांच्या मंडळाची वर्गणी त्याची, पाट्या, कॅलेंडरं, फोन, गाडीचं पेट्रोल, रविवारची कॉफी, सगळं त्याच्याच खिशातून. आणि ते सगळं मिळकतीतून वजा करून मगच कर भरायची मुभाही त्याला होती. पूर्वी घरं विकली जायची तेव्हा त्याला त्यातून बऱ्यापैकी उरायचं. आता गावात घर विकलं गेलं तरी इतक्या कमी पैशात जायचं, की त्याच्या वाट्याच्या दलालीत पाट्यांचाही खर्च निघेना. तोटा व्हायचा. तो तोटा कारखान्याच्या पेन्शनमधून वजा व्हायचा आणि पेन्शनवरचा कर कमी लागायचा. वांडा दर वर्षी हे नीट मांडून द्यायची. त्यात लपवाछपवी काही नव्हती.

मग करखात्याचं पत्र आलं.

वांडा ते घेऊन रविवारी व्हर्नाच्या स्वयंपाकघरात आली, लोक निघून गेल्यावर. मी कप विसळत होतो. वांडा एमिलची मावसबहीण. जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्याने आधी खुर्ची धरावी.

"एमिल, बस," ती म्हणाली. "तुला हौशी ठरवायचं चाललंय."

"काय ठरवायचं?"

"हौशी. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कुणी घोडे पाळतो, तसा तू घरं दाखवतोस. धंदा नाही, हौस. वर्षामागून वर्षं तोटा दिसला की ते विचारतात. हौस असेल तर खर्च वजा करता येत नाही. मागच्या वर्षांचंही परत भरावं लागेल, व्याजासकट."

एमिलने पत्र हातात घेतलं पण वाचलं नाही. "पैसे भरीन मी. हप्ते पाडून भरीन. पण हे काय? हौशी? कॅलेंडरवर काय छापू मी वांडा? एमिल हावरान, हौशी?"

"छापायची वेळ येऊ नये म्हणून तर आलेय. त्यांची बाई येणार आहे, माझ्याच ऑफिसात. प्रश्न विचारेल. नीट ऐक. नफा व्हायलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. नफ्याचा हेतू पाहिजे. तू पैसे मिळवायलाच धडपडत होतास, हे तिला दिसलं पाहिजे. आणि एक प्रश्न ती हमखास विचारणार. हे काम करताना तुम्हाला आनंद मिळतो का?"

"मिळतो की."

"हेच! हे बोललास की मेलास."

"म्हणजे काय, रडत रडत घरं दाखवू?"

"अरे बाबा, कायद्याला तोट्यातला माणूस चालतो. नालायक एजंटसुद्धा चालतो. पण तोट्यात असूनही खूष असलेला माणूस दिसला की त्यांना वाटतं, हा खेळतोय. तू सरळ सांगायचं. मी जिवाचं रान केलं, पण हे घर विकलं गेलं नाही. मला जमलं नाही."

"मला जमलं नाही," एमिल हळूच म्हणाला, जणू दुसऱ्या कुणाचं नाव उच्चारून बघतोय. "या गल्लीतली निम्मी घरं मी विकलीत."

"मग हे का नाही विकलंस? इतकी वर्षं?"

"व्हर्नाने मला सांगितलं होतं की—"

"गप!" वांडाने हात वर केला. "ते वाक्य आत्ताच्या आत्ता गीळ. मी तुझ्या बाजूने तिथे बसणार आहे. जे मला माहीत आहे ते मला लपवता येत नाही. म्हणून मला माहीतच होऊ देऊ नकोस." तिने पर्स उचलली. दारात वळून म्हणाली, "आणि केस काप. फार सुखी दिसतोस."

ती गेल्यावर एमिल बराच वेळ टेबलावरचे कण बोटाने गोळा करत बसला. मग ते गिळलेलं वाक्य त्याने मला सांगितलं.

स्टॅनली गेला, मग व्हर्नाचं कंबरेचं हाड मोडलं आणि ती नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात गेली. तिचा मुलगा रसेल कॅरोलायनात असतो. तो दर फोनला म्हणायचा, आई, घर विकून टाक. व्हर्ना कंटाळली. तिने एमिलला बोलावलं आणि सांगितलं, "पाटी लाव. म्हणजे रसेल गप्प बसेल. पण किंमत अशी ठेव की कुणी विचारणार नाही. पाय बरा झाला की मी परत येणार आहे." घर तिच्या नावावर होतं, गिऱ्हाईक ती होती. एमिलने तिचं ऐकलं.

"दर रविवारी इथून तिच्याकडे जातो," एमिल म्हणाला. "ती विचारते, कोण कोण आलं होतं? मी सांगतो. मग ती विचारते, विकलं नाहीस ना? मी म्हणतो, नाही. मग ती जेवते."

मी म्हटलं, "मग त्या बाईला हेच सांग. खरं आहे ते."

"खरं सांगितलं तर मी हौशी ठरतो. मला ते घर विकायचं नव्हतं, यात नफ्याचा हेतू कुठे आला?" तो हसला. "आणि रसेललाही कळेल. खोटं सांगितलं तर मी एजंट राहतो. फक्त नालायक. बघ, कसं आहे."

मुलाखतीत काय झालं ते एमिलने कधीच सांगितलं नाही. वांडाने सांगितलं. करखात्याच्या बाईंचं नाव गिलक्रिस्ट होतं. मऊ आवाजाच्या, घरून आणलेला डबा खाणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या वांडाच्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालू का विचारलं. मग रविवारची वही उघडली.

"इथे दर आठवड्याला तीच नावं आहेत, मिस्टर हावरान."

"हो बाई."

"मिस्टर मॅलॉय. ‘किती पैसे गुंतवू शकता’ या रकान्यात ते लिहितात, लॉटरी लागली की. ‘खरेदी कधी करणार’ इथे लिहितात, मेल्यावर."

"ते विनोद करतात."

"आणि तुम्ही?"

"मी नाही करत."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. घर का विकलं गेलं नाही, विचारलं. एमिल म्हणाला, "मला जमलं नाही." वांडा सांगत होती, त्याने ते इतक्या सरळ सांगितलं की तिलाच खाली बघावंसं वाटलं. केस नुकतेच कापलेले, गळ्यात लग्नकार्याला बांधायचा टाय, आणि समोर ठेवलेल्या पाण्याला हातही लावलेला नाही. विकायचा तुमचा खरोखर इरादा होता का, असं बाईंनी विचारलं. "होता," तो म्हणाला. मग त्यांनी वही मिटली आणि अगदी सहज, गप्पा मारल्यासारखं विचारलं, "रविवारची वाट बघता का हो तुम्ही?"

"मला वाटलं आता हा फसला," वांडा म्हणाली. "कारण तो प्रश्न मी शिकवलाच नव्हता. तर हा म्हणतो, नाही बाई, ओझं वाटतं. आणि असं म्हणाला ना, की मला वाटलं, याला खरंच ओझं वाटतं की काय. बिचाऱ्या बाईने त्याला कागदी रुमाल दिला."

हे सगळं नंतर एका निवेदनात उतरवलं गेलं. घर विकून मिळकत करणं हाच माझा हेतू होता आणि आहे. खाली छापलेलं होतं की हे सगळं खरं आहे, खोटं ठरल्यास मी शिक्षेस पात्र आहे. एमिलने सही केली. काही आठवड्यांनी पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की हिशोबात काही बदल नाही. एमिल हावरानचा धंदा हा धंदाच.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा होता. "मला पलीकडे सोडशील? माझी ब्यूइक गाडी चालू होत नाही. व्हर्नाकडे जायचंय."

"आज कुठे रविवार आहे?"

"म्हणूनच. रविवारी मला जमणार नाही."

गाडीत त्याच्या मांडीवर एक पातळ फाइल होती. पुलावर आल्यावर म्हणाला की त्यात किंमत बदलण्याचा कागद आहे. मी गाडी बाजूला घेता घेता राहिलो. "अरे पण तू जिंकलास," मी म्हटलं. "आता कशाला?"

"मी सही केलीय."

"सगळेच करतात. कुणी बघायला येणार नाही."

"माहीत आहे, कुणी येणार नाही," तो म्हणाला, आणि बाहेर नदीकडे बघत बसला.

व्हर्ना खिडकीशी खुर्चीत होती, गुडघ्यांवर विणलेली शाल. आम्हाला बघून म्हणाली, "आज कसा आलास? कोण मेलं?"

"कुणी नाही. किंमत कमी करायचीय, व्हर्ना."

"का? रसेलने फोन केला का तुला?"

"नाही. सरकारने विचारलं."

"सरकारला माझं घर घ्यायचंय?"

एमिलने सगळं सांगितलं. अडखळत, पण काही न वगळता. हौशी शब्दाला ती हसली. "बरोबर आहे की! आणखी काय आहेस तू? मग, काय सांगितलंस त्यांना?"

"की मला तुझं घर विकायचंय. मनापासून. खाली सही केली."

"आणि सुटलास?"

"सुटलो."

"मग झालं तर. जा घरी. मला वाटलं आपण दोघं मिळून एकट्या रसेललाच फसवतोय. तू तर सरकारलाही गुंडाळलंस." ती खूष झाली होती. तिने माझ्याकडे बघून डोळासुद्धा मिचकावला.

"व्हर्ना, मी खरं आहे असं लिहून दिलंय."

"कागदावर रे."

"मी जन्मभर दुसरं काय केलं? कागदावरच सह्या केल्या. तुझ्या घराच्या कागदावरसुद्धा लिहून दिलं होतं, पाया कोरडा आहे, मी स्वतः पाहिलाय. तू त्या एका सहीवर घर घेतलंस. ती सही खरी आणि ही खोटी, असं कसं करू?" त्याने फाइल उघडून पुन्हा मिटली. "मला तिथे एक सांगायचं होतं, आणि मी दुसरंच सांगितलं. आता निदान जे सांगितलं ते तरी..."

व्हर्नाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. शेजारच्या खोलीत कुणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला.

"पाय बरा झाला की," ती म्हणाली, आणि थांबली. दोन्ही हातांनी शालीवरून गुडघा चाचपला. ती नाही म्हणू शकली असती. घर तिचं होतं. ती नाही म्हणाली असती तर मला वाटतं एमिल उठून गेला असता आणि पुढच्या रविवारी बाण घेऊन पुन्हा उभा राहिला असता. कदाचित तो तेच ऐकायला आला होता.

पण ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "द्या तो कागद, मिस्टर हावरान."

मिस्टर हावरान! ती त्याला एमिल म्हणायची, स्टॅनली होता तेव्हापासून. चिडली की मुलीसारखं एमिली म्हणायची. त्याने पेन पुढे केलं. तिने सही केली आणि पेनला टोपण लावून परत दिलं, बँकेत देतात तसं.

रविवारी गल्लीने एमिलचा सत्कार करायचं ठरवलं होतं. त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की सरकारचं पत्र आलं आणि एमिल जिंकला. टेक्लाने अक्रोडाच्या रोलबरोबर जर्दाळूचाही केला होता. बझ टाय बांधून आला. दारातच छाती काढून म्हणाला, "काय हो एजंटसाहेब, आता तर तुम्ही सरकारमान्य! बोला, शेवटची किंमत काय?"

एमिलने किंमत सांगितली. नवी.

सगळे हसले. बझ तर भिंतीला टेकून हसला. "अरे, एवढ्यात तर मी पण घेईन!"

"घे," एमिल म्हणाला. "उद्या सकाळी विक्रीच्या यादीत लागतेय. तुझ्यासाठी आज."

हसू एकेका चेहऱ्यावरून गेलं. टेक्लाने हातातली सुरी रोलमध्ये तशीच ठेवली. "व्हर्ना येणार आहे ना परत?" तिने विचारलं. एमिल कप मांडत राहिला. त्या दिवशी तळघरात ऊन येतं का हे तिने विचारलं नाही, आणि एमिलने तिला तशीच कॉफी दिली.

एकदा मनावर घेतल्यावर एमिलने काम अगदी चोख केलं. भिंती पुसल्या, परसातलं गवत कापलं. फोटो माझ्याकडून काढून घेतले, कारण माझा कॅमेरा बरा होता. प्रत्येक खोलीत तो मला कोपऱ्यात उभं करायचा आणि म्हणायचा, "इथून. इथून खोली मोठी दिसते." त्याला किती येतं हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. जमत नाही म्हणे!

घर पटकन गेलं. पिट्सबर्गहून एक जोडपं आलं. भली माणसं होती, हसतमुख, जिना चढताना एकमेकांचा हात धरणारी. त्यांना तिथे राहायचं नव्हतं. नदीकाठच्या सायकलच्या वाटेने शनिवार-रविवारी माणसं येतात, त्यांना रात्रीपुरतं भाड्याने द्यायचं होतं. किल्लीऐवजी दाराला आकड्यांचं कुलूप बसलं. पडदे काढले.

पहिल्या रविवारी पाटी नव्हती, तरी टेक्ला कोट घालून निघाली. हातात ताट. मी खिडकीतून बघत होतो, आणि रस्ता ओलांडून तिला थांबवावं की नाही ते मला ठरवता येईना. दार सायकलवाल्या एका तरुण मुलीने उघडलं. ती ताट बघून हरखली. "किती गोड! शेजारून का?" असं काहीतरी म्हणाली, ताट घेतलं, दोनदा आभार मानले आणि दार लावून घेतलं. टेक्ला थोडा वेळ पायरीवर उभी राहिली. ताट तिच्या सासूबाईंचं होतं. ते मी संध्याकाळी जाऊन मागून आणलं.

घर विकलं की एजंटाने गिऱ्हाइकाला भेट द्यायची रीत आहे. एमिलने व्हर्नाच्या परसातल्या पिओनीच्या फुलझाडाचा गड्डा, स्टॅनलीने लावलेला, घर ताब्यात जायच्या आधी खणून कुंडीत लावला आणि तिच्या खिडकीत नेऊन ठेवला. पिओनी हलवली की पहिल्या वर्षी फुलत नाही. त्याने तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "आभारी आहे, मिस्टर हावरान."

मार्चमध्ये मी माझे कागद घेऊन वांडाकडे गेलो तेव्हा एमिल तिच्या समोर बसला होता. वांडाचा मूड चांगला होता. "बघ याला," ती मला म्हणाली, "कित्येक वर्षांनी नफा! आता कुणाच्या बापाची हिंमत नाही हौशी म्हणायची." मग चष्मा सारखा करून पुढे विचारू लागली. "भेटवस्तू? पंचवीस डॉलरपर्यंत धरता येतं."

"फुलझाड दिलं. फुकटचं होतं."

"बरं. कॉफी-खाणं?"

"ऑगस्टपर्यंत लिही. मग नाही."

"गाडी. वृद्धाश्रमाच्या फेऱ्या, गिऱ्हाइकाकडे जाणं म्हणून. त्या वर्षभराच्या दिसतायत. अगदी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत."

"ऑगस्टनंतरच्या काढ. ती आता गिऱ्हाईक नाही."

वांडाने वर बघितलं. "मग कशाला जातोस अजून? बोलते का ती तुझ्याशी?"

"बसा म्हणते," एमिल म्हणाला. "हवा कशी आहे विचारते. जेवत नाही फारसं."

"मग?"

तो उरलेल्या कॅलेंडरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. त्यातलं एक गुंडाळत आणि उलगडत म्हणाला, "हौस म्हण."

"हौसेचे मैल वजा होत नाहीत, एमिल."

"माहीत आहे."

तिने ते मैल खोडले. एमिलने वाकून, नीट वाचून, खाली सही केली, आणि ईस्टरआधीचा, मटण वर्ज्य असलेला शुक्रवार होता म्हणून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्या दिवशी विकतात तो तळलेला मासा घेऊन पुलाकडे निघाला. व्हर्नाला आवडतो. दोन पुडे घेतले होते त्याने, तिने जेवायला बसा म्हटलंच तर.